कोड गेला, कॉमेंट राहिली: जुन्या मराठी फॉन्टची साफसफाई करताना झालेली चूक

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा एसटीत बसल्यावर रेंज गेली, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लेखी रूप. बोलताना जे "म्हणजे, म्हणजे" झालं ते काढून टाकलंय. बाकी जवळजवळ तसंच आहे.

आजचा विषय ऐकायला एकदम रटाळ आहे. कोडमधल्या कॉमेंट. पण या रटाळ गोष्टीमुळे सांगलीतल्या एका पतसंस्थेत एका आजींच्या हातात दुसऱ्याच बाईच्या नावाची ठेव पावती गेली. आणि चूक माझी होती. मी कोड चुकीचा लिहिला नव्हता. मी बरोबर कोड काढला, पण त्याच्यावरची कॉमेंट तशीच ठेवली.

आधी थोडं मागे जाऊ

तुमच्यापैकी प्रत्येकाने एकदा तरी हे केलं असेल: एखाद्या जुन्या परिपत्रकाच्या पीडीएफमधून मराठी मजकूर कॉपी केला, व्हॉट्सॲपवर पेस्ट केला, आणि पलीकडे इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसला. फाइल खराब नसते. ती मराठी मुळात मराठी म्हणून साठवलेलीच नसते.

युनिकोड घरोघरी पोचण्याआधी आपल्याकडे डीटीपीवाले, छापखाने, ऑफिसं सगळे फॉन्टवर चालायचे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, हिंदी पट्ट्यात आणि आपल्याकडेही काही ठिकाणी कृतिदेव. युक्ती साधी होती. कॉम्प्युटरला वाटतं की आपण इंग्रजी अक्षर साठवतोय, पण फॉन्टमध्ये त्या अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असतं. कृतिदेवमध्ये "सातारा" असं दिसतं तेव्हा फाइलमध्ये खरं तर एल, के, आर, के, जे, के ही सहा छोटी अक्षरं असतात. "सांगली" म्हणजे एल, के, ए, एक्स, वाय, एच. फॉन्ट काढून घेतला की मराठी गायब.

यात अजून एक गंमत आहे, आणि आजची सगळी गोष्ट तिच्यावरच उभी आहे. "किसन" हे नाव घ्या. कृतिदेवमध्ये ते एफ, डी, एल, यू असं असतं. एफ म्हणजे पहिली वेलांटी. डी म्हणजे क. म्हणजे वेलांटी आधी आणि क नंतर, कारण कागदावर वेलांटी क च्या डावीकडे दिसते. जसं दिसतं तसं साठवलं.

युनिकोडमध्ये उलट आहे. तिथे आपण बोलतो त्या क्रमाने साठवतात: आधी क, मग वेलांटी, मग स, मग न. वेलांटी डावीकडे नेऊन दाखवायचं काम फॉन्ट आणि हार्फबझसारखी लायब्ररी करते. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये आत्ता तेच चालू आहे. रफाराचंही तसंच. "कर्ज" मध्ये जुन्या फॉन्टमध्ये रफार ज च्या नंतर यायचा, युनिकोडमध्ये र आधी येतो.

बोलण्याच्या क्रमाने साठवायची कल्पना परदेशातून आलेली नाही बरं का. आपल्याकडे इस्की नावाचं प्रमाण होतं, भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली काढलेलं. त्यात हाच क्रम होता. युनिकोडचा देवनागरी विभागही इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरून घेतलाय. पण छपाईचा सगळा धंदा फॉन्टवर चालला, आणि तो डेटा आपल्याला वारशात मिळाला.

आमचं काम काय होतं

मी साताऱ्यातून काम करतो. आमची टीम छोटी, आणि एक गिऱ्हाईक सांगलीतली एक पतसंस्था. त्यांचं जुनं डेस्कटॉप सॉफ्टवेअर होतं. सभासदांची नावं, वारसांची नावं, गावं, सगळं जुन्या फॉन्टमध्ये साठवलेलं. आमच्या नव्या सिस्टीममध्ये एक कन्व्हर्टर होता. डेटाबेसमधून नाव आलं की तो ओळखायचा, जुनं असेल तर युनिकोड करायचा.

काही काळाने सगळी नावं एकदाच कायमची युनिकोडमध्ये आणली. तपासली, संस्थेच्या लोकांनी वहीशी ताडून पाहिली. मग कन्व्हर्टरची गरजच उरली नाही. मी तो काढला. हजारभर ओळी एका दुपारी गेल्या. वेलांटीची अदलाबदल करणारे तुकडे जिथे जिथे होते तिथून काढले. टेस्ट चालवल्या, सगळं हिरवं. कमिट केलं, राजवाड्यावर जाऊन भेळ खाल्ली. कोड काढण्यासारखं सुख नाही.

पण नाव वाचणाऱ्या फंक्शनच्या डोक्यावर एक कॉमेंट होती. ती अशी:

"सूचना: हे फंक्शन नाव कच्चं देतं. नावात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी असते. वापरणाऱ्याने ती अक्षरानंतर आणून मगच छापावं."

कन्व्हर्टर होता तोपर्यंत ही कॉमेंट एकदम खरी होती. मी कन्व्हर्टर काढला त्या क्षणी ती खोटी झाली. आणि मला ती दिसलीच नाही, कारण मी फंक्शनची नावं शोधत होतो. कॉमेंटमध्ये फंक्शनचं नाव नव्हतं, "फॉन्ट" हा शब्दसुद्धा नव्हता.

मग काय झालं

काही महिन्यांनी टीममध्ये नवीन आलेल्या एका मुलाला ठेव पावतीचं नवं डिझाइन करायला दिलं. त्याने शहाण्या माणसाने करावं तेच केलं. फंक्शन वापरण्याआधी वरची कॉमेंट वाचली. त्यात लिहिलंय वेलांटी हलवा, म्हणून त्याने वेलांटी हलवणाऱ्या चार ओळी लिहिल्या.

टेस्टमध्ये नावं होती आनंदा पाटील, राजाराम जाधव, सुभद्रा माने. यातल्या एकाही नावात पहिली वेलांटी नाही! पाटलांची वेलांटी दुसरी. सगळ्या टेस्ट पास. मीच रिव्ह्यू केला, मीच होकार दिला. मलाही ती कॉमेंट वाचून वाटलं, बरोबर आहे की.

खऱ्या नावांवर ते चाललं तेव्हा किसनचा "कसिन" झाला. विमलचं "वमिल" झालं. शिवाजी नावात तर वेलांटी आणि काना एकमेकांवर आदळले आणि मधे पोकळ गोल उमटला. शिंदे मात्र वाचले, कारण त्यांच्या वेलांटीनंतर अनुस्वार येतो आणि आमचा कोड फक्त व्यंजन शोधत होता. त्यामुळे झालं असं की काही पावत्या बरोबर, काही चूक. असा बग सापडायला सगळ्यात वाईट.

काउंटरवरच्या ताईंनी फोन केला. म्हणाल्या, "सर, इथं एक आजी आल्यात, पावती परत देतायत." मागून आजींचा आवाज ऐकू आला, "पैसं माझं, आन् नाव कुणाचं?"

हसू येईल, पण विचार करा. ठेव पावती ही बाईंची आयुष्याची पुंजी. मुदत संपल्यावर, किंवा त्या गेल्यावर, वारस ती पावती घेऊन येणार. आधारवर विमल आणि पावतीवर वमिल. हेलपाटे कोणी मारायचे? डेटाबेसमधलं नाव शाबूत होतं, फक्त छपाई चुकली होती, म्हणून आम्ही सुटलो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने सांगलीला गेलो, चुकलेल्या पावत्या शोधून परत छापून दिल्या.

त्या मुलाने माफी मागितली. मी म्हटलं, तू वाचलंस आणि विश्वास ठेवलास, ही चूक नाही. कॉमेंट लिहितात ती विश्वास ठेवण्यासाठीच. पायथॉनच्या लेखनशैलीचा नियम, पेप ८, २००१ पासून आहे. त्यात साधारण हेच म्हटलंय: कोडशी विसंगत कॉमेंट असण्यापेक्षा कॉमेंट नसलेली बरी. मला ते पाठ होतं. कळलं मात्र सांगलीला जाऊन.

मग सगळ्या जुन्या कॉमेंट उडवायच्या का?

माझी पहिली इच्छा तीच होती. सगळं साफ. पण थांबलो, आणि बरं झालं.

हायवेवर "पुढे काम चालू, वळण घ्या" असा बोर्ड असतो. काम संपतं, बोर्ड राहतो, लोक विनाकारण वळतात. तो बोर्ड काढायलाच हवा. पण सांगलीत नदीकाठच्या भागात भिंतींवर २००५ आणि २०१९ च्या महापुराच्या पाण्याच्या खुणा असतात. पाणी आज तिथे नाही म्हणून ती रेघ खोटी ठरत नाही. तिच्यावर साल आहे. ती सांगते, त्या वर्षी पाणी इथवर आलं होतं. घर बांधताना आजही उपयोगी.

कॉमेंटचंही तसंच. आम्ही राहिलेल्या सगळ्या कॉमेंट काढून बसलो आणि चार ढीग केले.

पहिला ढीग: जे आता होतच नाही ते सांगणाऱ्या. वेलांटीवाली सूचना यातली. या पुसून टाकायच्या. आणि तिच्या जागी "जुन्या फॉन्टचा सपोर्ट काढला" असंही लिहायचं नाही. उद्या येणारा विचारेल, कुठला जुना फॉन्ट? ती बातमी कमिट मेसेजमध्ये लिहायची. गिट ती जपून ठेवतं.

दुसरा ढीग: जुन्या कारणाने घेतलेला निर्णय अजून कोडमध्ये जिवंत आहे. आमच्याकडे एक ओळ होती: "नावाला ४० बाइट, म्हणजे ४० अक्षरं पुरतात." जुन्या फॉन्टमध्ये एका चिन्हाला एक बाइट, म्हणून हिशेब ठीक. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. "दत्तात्रय" या एका नावात ९ चिन्हं, म्हणजे २७ बाइट. ४० बाइटमध्ये १३ चिन्हं मावतात. वडिलांचं नाव आणि आडनाव कुठे बसवणार? इथे नुसती कॉमेंट बदलून भागत नाही. कॉमेंट खोटी झाली म्हणजे तिच्याखालचा आकडाही खोटा झाला असण्याची शक्यता असते. आम्ही तो आकडाच बदलला.

तिसरा ढीग: कोड गेला, पण तसा डेटा अजून कुठेतरी आहे. जुने बॅकअप! तिथे नावं अजून जुन्या फॉन्टमध्येच आहेत. कोणी बॅकअपमधून नोंद परत आणली तर तीच जुनी भानगड परत येणार. म्हणून बॅकअप वाचणाऱ्या स्क्रिप्टवरची कॉमेंट ठेवली, पण तिला तारीख लावली. कुठल्या तारखेच्या आधीचे बॅकअप जुन्या फॉन्टमध्ये आहेत, आणि काढलेला कन्व्हर्टर गिटच्या कुठल्या टॅगमध्ये सापडेल. ही झाली पुराची रेघ.

चौथा ढीग: आपण काही केलं नाही, जगच बदललं. एका ठिकाणी लिहिलं होतं, "ॲ साठी युनिकोडमध्ये वेगळं चिन्ह नाही, म्हणून अ आणि वर अर्धचंद्र जोडावा." हे एकेकाळी खरं होतं. पण २००८ साली युनिकोड ५.१ मध्ये मराठीसाठी ॲ हे स्वतंत्र चिन्ह आलं, क्रमांक ०९७२. आता काही लोक फोनवर नवं ॲ टाइप करतात आणि जुन्या नोंदीत अ अधिक अर्धचंद्र. दिसायला सारखंच, कॉम्प्युटरला वेगळं. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशनही या दोघांना एक करत नाही, ते आपल्यालाच करावं लागतं. आमच्याकडे "ॲड." लावलेले वकील सभासद शोधले की अर्धेच सापडायचे. त्या कॉमेंटवर विश्वास ठेवून कोणी तिकडे पाहिलंच नव्हतं.

एक कॉमेंट जी मशीनही वाचतं

पायथॉनच्या जुन्या फाइलींमध्ये पहिल्या किंवा दुसऱ्या ओळीवर एक कॉमेंट दिसते, "कोडिंग" असं लिहून पुढे एन्कोडिंगचं नाव. ती माणसासाठी नसते. पायथॉन स्वतः ती वाचून ठरवतं की ही फाइल कुठल्या एन्कोडिंगमध्ये आहे. पायथॉन २ मध्ये ती नसेल आणि फाइलमध्ये एक जरी मराठी अक्षर असेल तर प्रोग्रॅम चालायचाच नाही. २००८ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या पायथॉन ३ मध्ये काही लिहिलं नसेल तर यूटीएफ-८ च धरतात. पायथॉन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला.

तेव्हा त्या ओळीत यूटीएफ-८ लिहिलं असेल तर ती बिनधास्त काढा. दुसरं काही लिहिलं असेल, उदाहरणार्थ विंडोज १२५२, तर आधी फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा आणि मग ओळ काढा. उलट केलंत तर फाइलमधलं मराठी बिघडेल किंवा फाइल उघडणारच नाही. कॉमेंट आहे, काढली तर काय होतंय, असं इथे चालत नाही.

आता आम्ही काय करतो

एक. कोड काढण्याआधी शब्दांची यादी करतो. फक्त फंक्शनची नावं नाही. माणसं त्या गोष्टीला काय काय म्हणतात ते: फॉन्ट, लिपी, कच्चं, वेलांटी, रफार, बाइट, १२५२, इस्की. आणि पूर्ण प्रोजेक्टमध्ये शोधतो. टेस्टची नावं, डेटाबेसच्या स्क्रिप्ट, रीडमी, स्क्रीनवरचे मदतीचे मेसेजसुद्धा. आमच्या एका स्क्रीनवर "कृपया फॉन्ट इन्स्टॉल करा" असं अजून येत होतं, आणि लोक खरंच फॉन्ट शोधत बसायचे.

दोन. सापडलेल्या प्रत्येक कॉमेंटला तीन प्रश्न. कोड अजून हे करतो का? असा डेटा अजून कुठे आहे का? हे वाचून उद्या कोणी काय करेल? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. आमच्या वेलांटीवाल्या कॉमेंटला हा एक प्रश्न विचारला असता तरी उत्तर मिळालं असतं.

तीन. कोड आणि कॉमेंट एकाच कमिटमध्ये बदलायचे. "कॉमेंट नंतर बघू" म्हटलं की झालं, नंतर कधी येतच नाही.

चार. कॉमेंटमध्ये जे ठामपणे म्हटलंय ते जमेल तिथे टेस्टमध्ये आणायचं. कॉमेंट खोटी झाली तरी गप्प बसते, टेस्ट ओरडते. आमच्या टेस्टमध्ये आता किसन, विमल, शिवाजी, सूर्यकांत, ज्ञानेश्वर आणि ॲड. आहेत. गावांमध्ये कऱ्हाड आहे, कारण "ऱ्ह" नीट छापता आला तर बरंच काही नीट आहे असं समजायचं. नुसते आनंदा पाटील घेऊन मराठीची परीक्षा होत नाही.

आणि ती कॉमेंट? तिच्या जागी आता हे आहे: "नावं युनिकोडमध्ये, उच्चाराच्या क्रमाने साठवली आहेत. वेलांटीची जागा बदलू नका. ती दाखवणं फॉन्टचं काम." तीन वाक्यं. त्याच मुलाने लिहिलीत.

त्या दिवशी सांगलीत आजींना नवी पावती दिली. त्यांनी चष्मा लावला, बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं, आणि मग घडी घालून पिशवीत ठेवली. बोट ठेवून असं रिव्ह्यू मी त्या आधी कधी केलं नव्हतं.

तर मंडळी, या आठवड्यात एवढंच करा. तुम्ही शेवटचा जो कोड काढलात, त्याच्या आजूबाजूच्या दहा ओळी उघडा आणि कॉमेंट वाचा. काही सापडलं तर मला कळवा. लाज वाटून घेऊ नका, माझ्यापेक्षा वाईट नसणार. भेटू पुढच्या भागात!